मुदत उलटल्यावर सोडलेला विषय : एका ‘डब्ल्यू’ची हकीकत

१२ नोव्हेंबर २०२५, बुधवार. दुपारचे चार वाजत आले होते. दाराशी एक मुलगा बराच वेळ उभा आहे, आत येत नाही आणि जातही नाही, असं शेजारच्या सहकाऱ्याने मला येऊन सांगितलं. मी बाहेर आले. नाव विचारल्यावर आधी मराठीत बोलू की इंग्रजीत, असा त्याचा गोंधळ झाला. मग म्हणाला, “मॅडम, अल्गोरिदम्स ड्रॉप करायचा आहे.”

विषय सोडायची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली होती.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात अकॅडमिक ॲडव्हायझर आहे, मूळची कोल्हापूरची. दर सेमिस्टरला मुदत उलटल्यावर येणारे सात-आठ जण तरी असतातच. त्यांतल्या निम्म्यांना मी पहिल्या दहा मिनिटांत ‘आता काही होणार नाही’ असं सांगते, कारण खरोखरच काही होण्यासारखं नसतं. हे प्रकरण तसं नव्हतं. त्या मुलाच्या लेखी परवानगीने ते मांडते आहे. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. सगळं प्रकरण त्या क्रमावरच तरलं.

तीन तारखा आणि एक गैरसमज

इथे सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. पहिले साधारण दोन आठवडे विषय घ्यायचे, सोडायचे, बदलायचे. या काळात सोडलेल्या विषयाची गुणपत्रिकेवर खूणसुद्धा राहत नाही. त्यानंतर आमच्याकडे दहाव्या आठवड्यापर्यंत विषय सोडता येतो, पण ग्रेडच्या जागी ‘डब्ल्यू’ लागतो. डब्ल्यू म्हणजे विषय घेतला होता आणि सोडला. त्याचे गुण जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. ती तारीख गेली की पोर्टलवरचं बटण नाहीसं होतं आणि उरतो तो अर्जाचा रस्ता. कारण द्यायचं, कागद जोडायचे, समिती ठरवणार. हा अर्ज शिकवणीच्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतात. एकदा ग्रेड लागली की ती मागे घ्यायला निराळी याचिका करावी लागते आणि तिथे समितीचा हात फार आखडता असतो.

महाराष्ट्रातून इंजिनिअरिंग करून आलेल्या मुलाला यातलं काहीच ओळखीचं नसतं. तिकडे विषय सोडणं ही गोष्टच नाही. विषय ‘राहतो’. केटी लागते, पुढच्या वर्षी एटीकेटीवर जायचं, परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरायचा, पेपर काढायचा. पास झालं की झालं. पदवी हातात आल्यावर चौथ्या सेमिस्टरला मॅथ्स थ्री राहिला होता का, हे फारसं कुणी विचारत नाही. त्या मुलाच्या डोक्यात हेच पक्कं होतं. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “वाईटात वाईट काय, केटी लागेल असं वाटलं होतं.”

इथला एफ म्हणजे केटी नव्हे. तो गुणपत्रिकेवर राहतो. विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी आमच्या पदव्युत्तर विभागात जुना एफ पुसला जात नाही, दोन्ही ग्रेड सरासरीत धरल्या जातात. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. तीन विषय, प्रत्येकी ३ क्रेडिट. दोन विषयांत बी प्लस आणि बी मिळाले, म्हणजे ३.३ आणि ३.०, आणि अल्गोरिदम्समध्ये शून्य, तर सरासरी २.१. पदवीसाठी ३.० लागतात. पुढच्या सेमिस्टरला तिन्ही विषयांत ए मायनस, म्हणजे ३.७, आणले तरी गाडी २.९ वरच अडकते. एका एफनंतर अख्खं उत्तम सेमिस्टर काढूनही मुलगा रेषेच्या खालीच. तोच विषय डब्ल्यू झाला तर पहिल्या सेमिस्टरची सरासरी ३.१५ राहते.

त्या आकड्यांकडे तो बराच वेळ बघत बसला. मग मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “झालंय काय नक्की?”

मिरजेतला राउंड, इथली मध्यरात्र

१६ सप्टेंबरला त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. सांगलीहून मिरजेला हलवलं, तीन दिवसांनी बायपास झाली. नंतर जखमेत संसर्ग झाला आणि पुन्हा अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. ते घरी आले १० ऑक्टोबरला. आई एकटी, धाकटी बहीण बारावीला. “तू येऊ नकोस, आलास तर त्यांना वाटेल आपलं काही खरं नाही,” असं आईने बजावलं होतं.

मिरजेच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांचा राउंड सकाळी अकराला. तेव्हा इथे मध्यरात्रीचे साडेबारा वाजलेले असत. राउंड झाला की आई फोन करणार, डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार, त्यातलं निम्मं तिला कळलेलं नसणार, मग हा फाईलचे फोटो मागवून घेणार आणि एकेक शब्द शोधत पहाटे तीनपर्यंत जागणार. अल्गोरिदम्सचा वर्ग मंगळवार-गुरुवार सकाळी आठला. बाकीचे दोन्ही विषय संध्याकाळचे. त्यातल्या एकात चौघांचा गट करून प्रकल्प करायचा होता आणि गटातली मुलं याला घरून ओढून नेत.

वडील घरी आले तरी याची झोप परत आली नाही. तोवर सवयच मोडली होती. फोन वाजला की छातीत धडधडायचं. ७ ऑक्टोबरच्या मिडटर्मला शंभरापैकी ३१ मिळाले आणि त्यानंतर तो त्या वर्गाला गेला नाही. कॉलेजचा मेल उघडणं बंद केलं. दिवाळीच्या आठवड्यात तर दोन-दोन दिवस खोलीबाहेर पडलाच नाही. घरी मात्र सगळं छान चाललंय असंच सांगत होता.

इथे मला माझं सांगायला हवं. ९ ऑक्टोबरला त्याच्या प्राध्यापकांनी प्रणालीत धोक्याची खूण लावली होती. ती माझ्याकडे आली. मी ठरावीक दोन ओळींचा मेल पाठवला : तुमची प्रगती समाधानकारक नसल्याचं शिक्षकांनी कळवलं आहे, कृपया भेटीची वेळ घ्यावी. उत्तर आलं नाही. मी पुढच्या खुणेकडे वळले. त्या आठवड्यात तशा चाळीसेक खुणा होत्या, पण तो हिशेब त्याला सांगण्यासारखा नव्हता. मेलच्या यादीत माझी विषयओळ दिसली तेव्हा त्याला ती नोटीस वाटली, आणि नोटीस न उघडलेली बरी, असं त्याने ठरवलं. त्या दिवशी मी फोन उचलून नंबर लावला असता तर हाती मुदतीचे तीन आठवडे होते.

३१ ऑक्टोबरची रात्र

मुदत त्याला ठाऊक नव्हती, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ती पाठ होती. ३१ ऑक्टोबरच्या रात्री तो पोर्टल उघडून बसला होता. विषयापुढचं बटण दाबल्यावर पडद्यावर लाल चौकट आली : या कृतीनंतर आपण पूर्णवेळ विद्यार्थी राहणार नाही, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी संपर्क साधा. शुक्रवारचे रात्रीचे पावणेअकरा. कार्यालय पाचला बंद झालेलं, मुदत मध्यरात्री संपणार. त्याने त्या चौकटीचा स्क्रीनशॉट काढून मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. उत्तरं धडाधड आली. “हात लावू नको, सेव्हिस उडेल.” (सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची सरकारी नोंद.) “गप बस, एफ येऊ दे.” एकाने तर लिहिलं, की वर्गात जाणंच बंद कर, सर आपोआप डब्ल्यू देतात.

शेवटचं उत्तर साफ चूक. गैरहजर राहिल्याने डब्ल्यू मिळत नाही, एफ मिळतो. पहिलं उत्तर मात्र घाबरून दिलेलं असलं तरी निम्मं बरोबर होतं, आणि इथे या प्रकरणाची खरी गाठ आहे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने पूर्णवेळ शिकलं पाहिजे. पदवीपूर्व मुलांना १२ क्रेडिट, पदव्युत्तर मुलांना विद्यापीठ ठरवेल तितके, आमच्याकडे ९. याची नोंद सेव्हिस या सरकारी प्रणालीत राहते आणि ती सांभाळणारा कॉलेजमधला अधिकारी म्हणजे डीएसओ. परवानगी न घेता विद्यार्थी पूर्णवेळच्या खाली गेला, तर डीएसओला ते २१ दिवसांत कळवावं लागतं. मग दर्जा पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करा, नाहीतर देश सोडून नव्या कागदांवर परत या. म्हणजे त्या रात्री त्याने ते बटण दाबलं असतं तर डब्ल्यू मिळाला असता आणि व्हिसाचा दर्जा गेला असता.

उलट, एका एफने सेव्हिस उडत नाही. नापास झालेला विद्यार्थीही नोंदणी केलेला विद्यार्थीच असतो. कॉलेजने काढून टाकलं तर गोष्ट वेगळी. मुलांना हे सांगितलं तर पटत नाही. विषय सोडणं सौम्य आणि नापास होणं भयंकर, असं सगळ्यांनाच वाटतं. विद्यापीठाच्या नजरेतून ते खरं आहे, इमिग्रेशनच्या नजरेतून उलटं. शिवाय २०२५ च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या आणि कोर्टकचेऱ्या झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. ती बातमी या मुलांनी त्यांच्या व्हिसा मुलाखतीच्या तयारीच्या दिवसांत वाचलेली. तो ग्रुप घाबरला होता यात त्यांची काय चूक?

दोन दारं, दोन किल्ल्या

तर, मुदतीनंतर विषय सोडायचा तर त्याला दोन वेगवेगळ्या परवानग्या हव्या होत्या. एक विद्यापीठाच्या समितीची. दुसरी डीएसओची, कमी विषयांवर राहण्याची, जिला इथे आरसीएल म्हणतात. आणि या दोघांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत.

आमची समिती घरातलं गंभीर आजारपण कारण म्हणून मान्य करते. ॲडमिट केल्याचे कागद होतेच. पण आरसीएलच्या सरकारी नियमात वडिलांचं आजारपण हे कारणच नाही. वडील गेले असते तरी नसतं. हा नियम मला निर्दय वाटतो, दर वेळी वाटतो. पण तो आहे, आणि तो माहीत नसलेला ॲडव्हायझर चांगल्या मनाने मुलाला खड्ड्यात घालू शकतो. समितीने मोठ्या मनाने विषय सोडू दिला आणि डीएसओची परवानगी आधी घेतलेली नसली, तर त्या मोठ्या मनाचा उपयोग काय?

आरसीएलची कारणं मोजकी. शेवटच्या सेमिस्टरला लागतील तेवढेच विषय घेणं हे एक, ते इथे गैरलागू. मग अभ्यासातली सुरुवातीची अडचण : इंग्रजीचा किंवा वाचनाचा त्रास, अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीचा वर्ग मिळणं. त्यावर किमान ६ क्रेडिट ठेवून विषय सोडता येतो, पण एका पदवीच्या पातळीवर एकदाच. आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा आजार. त्यासाठी परवानाधारक डॉक्टरचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि ही सवलत एका पातळीवर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते.

पहिलं सेमिस्टर असल्यामुळे अभ्यासातल्या अडचणीचं कारण लावणं सोपं होतं. एक फॉर्म, एक सही, काम संपलं. मला तो मोह झाला हे कबूल करते. पण याला अल्गोरिदम्स कळत नव्हतं हे खरंच नव्हतं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या असाइनमेंटमध्ये त्याला नव्वदच्या वर गुण होते. तो आजारी होता. आजारी आहोत हे त्याला मान्य नव्हतं, इतकंच. “मला काय झालंय? आजारी तर बाबा आहेत,” हे त्याचे शब्द.

त्याच दिवशी साडेचारला मी त्याला कौन्सेलिंग सेंटरला चालत घेऊन गेले. तिथे भेटीची तारीख मागितली तर दोन आठवडे थांबावं लागतं, पण अडचणीत असलेल्याला वेळ न ठरवता आत घेतात. वाटेत त्याने एकच विचारलं, “हे रेकॉर्डवर राहणार का मॅडम?” सेंटरच्या नोंदी गुणपत्रिकेत येत नाहीत. पत्रात निदान लिहिलेलं असलंच पाहिजे असंही नाही, वैद्यकीय कारणासाठी अभ्यासाचा भार कमी करावा अशी शिफारस असली की आमच्या कार्यालयाला चालतं. हे सांगितल्यावर तो जरा मोकळा चालायला लागला.

आईचा फोन

त्या शुक्रवारी सकाळी दहाला ऑफिसचा फोन वाजला. सांगलीत रात्रीचे साडेनऊ. मुलाने दोन दिवस फोन उचलला नव्हता, म्हणून धाकट्या मुलीकडून वेबसाइटवरचा नंबर शोधून त्या माउलीने लावला होता. माझं आडनाव ऐकून म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्याकडच्याच की. पोरगं नीट बोलंना झालंय. काय झालंय तेवढं सांगा की.”

मी सांगू शकत नव्हते. १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे. विद्यार्थी कॉलेजात आला की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा एकट्याचा. फी कुणी भरली, कर्जाला जामीन कोण, याने फरक पडत नाही. त्याच्या लेखी संमतीशिवाय मी त्याच्या आईशी त्याच्याबद्दल बोलू शकत नव्हते. काही अपवाद आहेत, जिवाला धोका असेल तेव्हाचा त्यांतला एक, पण इथे तशी वेळ नव्हती. “काकू, मला कुणाबद्दलच बोलायची परवानगी नाही. पण तुमचा निरोप त्याच्यापर्यंत नक्की पोचवते, आजच,” एवढंच म्हणाले. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती म्हणाली, “आजारपणाचं सर्टिफिकेट लागत असंल तर आमच्या डॉक्टरांकडनं आणती. किती दिवसांचं पाहिजे तेवढं सांगा.”

यात तिची लबाडी नव्हती. आपल्याकडे शाळेच्या रजेपासून नोकरीपर्यंत असंच चालत आलेलं आहे आणि देणारे डॉक्टरही घरचेच असतात. पण ज्या डॉक्टरांनी मुलाला जुलैनंतर पाहिलेलंच नाही, त्यांचं नोव्हेंबरचं सर्टिफिकेट म्हणजे खोटा कागद. तो सरकारी नोंदीमागे लागला असता आणि कधीतरी कुणी तो तपासला असता, तर विषय, सेमिस्टर, व्हिसा, सगळंच गेलं असतं. आणि खरं कारण खणखणीत असताना खोटं लावायचं कशाला? आईला मी इतकंच म्हणाले, की इथे तपासलेल्या डॉक्टरचंच पत्र चालतं, हा सगळ्यांना लागू असलेला नियम आहे. मुलाला दुपारी बोलावून बाकीचं स्पष्ट सांगितलं. त्या रात्री त्याने घरी फोन करून पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं.

समितीपुढचे दोन प्रश्न

अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागतं. त्याचा पहिला मसुदा दोन पानी होता. विद्यापीठ किती थोर आहे, प्राध्यापक किती विद्वान, आपण किती लज्जित आहोत, आणि शेवटी ‘कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचं जे वळण आपल्याला शाळेत लावलेलं असतं, त्याच वळणाचा. नम्रता खरी होती, पण त्या दोन पानांत एकही तारीख नव्हती.

समिती असे अर्ज वाचते तेव्हा तिला दोनच गोष्टी खटकतात. पहिली : आजारी होतास तर एकच विषय का सोडतोस? बाकीच्या दोन विषयांत बी आणि बी प्लसच्या वाटेवर असलेला मुलगा फक्त नापास होणारा विषय आजारपणाच्या नावाखाली सोडू बघतो, असं त्यांना वाटतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. दुसरी : मुदत होती तेव्हा का सोडला नाहीस?

पहिल्याचं उत्तर वेळापत्रकात होतं. सकाळी आठचा वर्ग आणि पहाटे तीनपर्यंतचं जागरण. संध्याकाळचे दोन वर्ग आणि ओढून नेणारा गट. त्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमधले मिरजेहून आलेले फोन तारीख-वेळेसह एका तक्त्यात मांडले. प्राध्यापकांनी त्यांच्या भागात लिहिलं, की विद्यार्थ्याचा वर्गातला शेवटचा सहभाग ७ ऑक्टोबरचा, त्याआधीचं काम उत्तम होतं. या प्राध्यापकांना तो महिनाभर टाळत होता. प्रत्यक्ष भेटल्यावर ते दहा मिनिटं वडिलांच्या तब्येतीबद्दलच विचारत राहिले.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे तो स्क्रीनशॉट. त्याच्यावर तारीख होती, वेळ होती, लाल चौकट होती. मुलगा मुदत विसरला नव्हता, मुदतीच्या आत प्रणालीच्या दारापर्यंत आला होता आणि ज्या कार्यालयाकडे जा म्हणून तिने सांगितलं ते बंद होतं. त्या एका चित्राने माझी दोन पानं वाचवली. शुक्रवारी रात्री संपणारी मुदत आणि शुक्रवारी पाचला बंद होणारं कार्यालय, ही आमची स्वतःची चूक आहे, असं मी माझ्या टिपणीत वेगळं लिहिलं. त्यावर अजून काही हललेलं नाही, मी मात्र दर बैठकीत ते काढते.

नव्या निवेदनाची सुरुवात अशी झाली : ‘१६ सप्टेंबर रोजी माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. १९ सप्टेंबरला त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. या काळात रात्री साडेबारा ते तीन मी रोज फोनवर होतो. सकाळी आठचा वर्ग मी आधी अधूनमधून आणि ७ ऑक्टोबरनंतर पूर्णपणे चुकवला. मी मदत मागितली नाही. ती मागायला हवी होती.’ पाऊण पानात संपलं. शेवटची दोन वाक्यं त्याची स्वतःची. माझ्या हातून ती खोडली गेली असती, बरं झालं त्याने ठेवली.

आता क्रम. २० नोव्हेंबरला सायकॉलॉजिस्टचं पत्र आलं. २१ ला डीएसओने वैद्यकीय आरसीएल मंजूर केला, ९ वरून ६ क्रेडिटला. त्यानंतरच, सोमवारी २४ ला, समितीकडे अर्ज गेला. आरसीएल हातात येण्याआधी तो घाईने म्हणत होता, “अर्ज आजच टाकू, आरसीएल मागून येईल.” मी टाकू दिला नाही. परवानगी आधी, विषय सोडणं नंतर, हे उलटं झालं तर डीएसओला मागच्या तारखेने काही करता येत नाही. थँक्सगिव्हिंगची सुट्टी मध्ये आली. २ डिसेंबरला समिती बसली, ३ ला निकाल आला : मंजूर. शिकवणीचा शेवटचा दिवस ५ डिसेंबर होता.

पैशाचं आणि बँकेचं

मंजुरीच्या मेलमध्ये शेवटची ओळ फीची होती. परतावा नाही. आमच्याकडे सेमिस्टरच्या चौथ्या आठवड्यानंतर सोडलेल्या विषयाची फी परत मिळत नाही, कारण काहीही असो. ३ क्रेडिटचे पैसे गेले आणि तोच विषय पुन्हा घ्यायचा म्हणजे पुन्हा भरायचे. कर्ज काढून आलेल्या घराला हा फटका मोठा असतो आणि तो त्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवा होता. मी तिसऱ्या भेटीत सांगितला. त्याने तो हिशेब आईऐवजी थेट वडिलांना सांगितला. वडील म्हणाले, “हरकत नाही, आधी झोपत जा.”

डिसेंबरच्या शेवटी गुणपत्रिका आली : बी प्लस, बी, डब्ल्यू. इथे सगळं मिटलं असं मी समजत होते. पण शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता सोडण्याआधी सांगलीतल्या बँकेला पहिल्या सेमिस्टरचे गुण दाखवावे लागत होते. वडील अजून जिना चढत नव्हते, म्हणून आई आणि बहीण शाखेत गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी डब्ल्यूवर बोट ठेवून विचारलं, “हे नापास का?” बहिणीने समजावलं, त्यांना पटलं, पण फाईलला कागद लागणार होता. प्रश्न रास्त होता. आपल्या गुणपत्रिकांत असं अक्षर त्यांनी पाहिलंच नसणार.

एव्हाना त्याने फर्पाचा संमतीचा फॉर्म भरला होता, आईचं आणि बहिणीचं नाव घालून, त्यामुळे या वेळी मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकले. बँकेसाठी रजिस्ट्रार कार्यालयाकडून पत्र काढलं : डब्ल्यू हा अनुत्तीर्ण शेरा नाही, तो सरासरीत धरला जात नाही, विद्यार्थ्याची शैक्षणिक स्थिती चांगली आहे, वसंत सेमिस्टरसाठी त्याची ९ क्रेडिटची नोंदणी झालेली आहे. त्या नऊंत अल्गोरिदम्सही होता, दुपारी दोनच्या वर्गात.

८ जानेवारीला हप्ता जमा झाला. वर्ग १२ ला सुरू होणार होते.